बेचाळीस अंशांचा इतिहास

मंडळी, स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही आयटीवाले, एखाद्या सॉफ्टवेअरबद्दल लिहा, नाहीतर पैसे कुठे गुंतवावेत ते लिहा. लोक आवडीने वाचतात." मी होकार दिला आणि लिहायला बसलो तो शस्त्रक्रियेचा इतिहास! माझा आणि डॉक्टरीचा संबंध म्हणाल तर बारावीला जीवशास्त्र सोडून गणित धरलं, एवढाच. पण एका घरगुती निमित्ताने या विषयात डोकं घालावं लागलं आणि जे हाती लागलं ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे असं वाटलं, म्हणून हा खटाटोप. कुठे चुकलं-माकलं तर आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी खुशाल कान धरावा.

आमचं किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी हे गाव जेद्दाहच्या उत्तरेला, रबिघच्या बाजूला, लाल समुद्राच्या काठावर आहे. २००५ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या काळात त्याची घोषणा झाली. त्याआधी इथे वाळू आणि समुद्र एवढंच होतं. आता बंदर आहे, कारखाने आहेत, २०१८ पासून मक्का-मदिना रेल्वेचं स्टेशनही आहे. मराठी घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे एका घरात दुखणं आलं की झोप सगळ्यांचीच उडते.

एका ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या वहिनींना अंडाशयाचा कॅन्सर निघाला. जेद्दाहला तपासण्या झाल्या. गाठ फक्त अंडाशयात नव्हती, पोटभर पसरली होती. संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो. दादा गप्प बसले होते. वहिनींनीच चहा केला आणि कप हातात देता देता विचारलं, "भावजी, हे गरम केमो म्हणजे नक्की काय हो? माझ्या भावाने पुण्याहून पाठवलंय. पोट उघडून गरम औषध ओततात आणि कॅन्सर जळून जातो म्हणे. खरं का हे?"

त्यांच्या बाल्कनीतल्या तापमापकावर तेव्हा ४२ अंश दिसत होते. मला उत्तर येत नव्हतं. "वाचून सांगतो," एवढंच म्हणालो. त्या वाचनाची ही कथा.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. पोटात पाणी होणं हा आजार आपल्याला फार जुना माहीत आहे. ऐतरेय ब्राह्मणातल्या हरिश्चंद्राला वरुणाच्या कोपाने पोट फुगण्याचा आजार जडला, तोच आपला जलोदर. सुश्रुतसंहितेत तर पोटाला बारीक छेद देऊन नळीने हे पाणी काढण्याची कृती सांगितली आहे आणि सगळं पाणी एका दिवसात काढू नये अशी ताकीदही दिली आहे. पाणी काढलं तरी ते पुन्हा भरतं, हे त्या वैद्यांना दिसत असणार. ते का भरतं याचं एक मोठं कारण पुढे कळलं.

आपल्या पोटाच्या आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. इंग्रजीत त्याला पेरिटोनियम म्हणतात, मराठीत पर्युदर. कोटाला आतून सॅटिनचं अस्तर असावं तसं ते पोटाच्या भिंतीवर, आतड्यांवर, यकृतावर, सगळीकडे घडी घालून पसरलेलं असतं. सगळं उलगडलं तर त्याचं क्षेत्रफळ अंगावरच्या कातडीच्या जवळपास जाईल. आतड्याचा, अपेंडिक्सचा, जठराचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर फुटून त्याच्या पेशी या अस्तरावर सांडल्या की शेतात बी विसकटावं तशा जागोजाग रुजतात. शिरेतून दिलेलं औषध या अस्तरापर्यंत नीट पोहोचत नाही. आणि सर्जनने पोट उघडलं तर समोर एक गाठ नसून शंभर ठिपके! अशा वेळी जगभरचे सर्जन वर्षानुवर्षं एकच गोष्ट करत आले. पाहिलं, मान हलवली आणि पोट शिवून टाकलं.

ही गोष्ट वाचताना मला आमचा मामा आठवला.

मामा सांगलीला शाळेत शिक्षक. सडपातळ माणूस, सायकलवर फिरणारा. २००३ च्या सुमारास त्याचं पोट सुटायला लागलं. आम्ही सगळे चेष्टा करायचो, "मामा, आता पेन्शनीत निघालास वाटतं!" तोही हसायचा आणि पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडायचा. पुढे हर्निया म्हणून ऑपरेशनला नेलं आणि पोटात निघाली जेली. वाटीवाटीने काढावी अशी चिकट, पिवळसर जेली. मिळेल तेवढी काढली आणि टाके घातले. वर्षभरात पुन्हा भरली, पुन्हा काढली. २००५ मध्ये मामा गेला. आमच्या घरात त्या आजाराला नावच नव्हतं, "मामाच्या पोटात जेली झाली होती" एवढंच.

वहिनींसाठी वाचायला लागलो तेव्हा पहिल्याच रात्री ते नाव समोर आलं. स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. अपेंडिक्समधल्या एका छोट्या गाठीतून चिकट स्राव पोटभर पसरतो, तो हा आजार. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने १८४२ मध्ये अपेंडिक्सच्या अशा फुगवट्याचं वर्णन केलं, जर्मनीच्या वेर्टने १८८४ मध्ये या आजाराला नाव दिलं आणि १९०१ मध्ये फ्रँकेलने त्याचं मूळ अपेंडिक्समध्येही असू शकतं हे दाखवलं. पुढे मी सांगलीला गेलो तेव्हा मामींना विचारलं. त्यांनी ट्रंकेतून जुनी फाईल काढून दिली. पिवळ्या पडलेल्या रिपोर्टवर तेच दोन शब्द टाईप केलेले होते. इतकी वर्षं ते ट्रंकेत होते, आम्ही कुणी वाचले नव्हते.

आणि गंमत (कसली गंमत म्हणा!) अशी की ज्या आजाराने मामा गेला त्याच आजारापासून या गरम औषधाचा इतिहास सुरू होतो.

उष्णतेने कॅन्सरची पेशी मरते हा विचार जुना. न्यूयॉर्कचा सर्जन विल्यम कोली याने १८९१ पासून रोग्यांना मुद्दाम जंतूंचं इंजेक्शन देऊन ताप आणण्याचे प्रयोग केले होते, कारण मोठा ताप येऊन गेल्यावर काहींच्या गाठी विरघळल्याचं दिसलं होतं. दुसरा धागा औषधांचा. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉबर्ट डेड्रिक आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की औषध थेट पोटात घातलं तर अस्तराजवळ ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त तीव्रतेने राहतं, कारण तिथून रक्तात ते हळूहळू झिरपतं. म्हणजे शत्रूला भरपूर मार आणि बाकी शरीराला कमी.

हे दोन धागे केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठाचे सर्जन जॉन स्प्रॅट यांनी एकत्र विणले. द्रव गरम करायचा, पंपाने पोटात फिरवायचा, गाळून पुन्हा आत सोडायचा, असं यंत्र त्यांनी आधी कुत्र्यांवर वापरून पाहिलं. मग १९७९ मध्ये ३५ वर्षांच्या एका रोग्याच्या पोटातली जेली शक्य तेवढी काढून त्यांनी थायोटेपा नावाचं औषध गरम करून आत फिरवलं. त्या माणसाला मामाचाच आजार होता. पुढच्या वर्षी हा अनुभव छापून आला. १९८० च्या दशकात जपानमध्ये योनागोच्या शिगेमी कोगा यांच्यासारख्या सर्जननी जठराच्या कॅन्सरसाठी ही पद्धत वापरली, कारण तो आजार तिथे फार.

पण मंडळी, इथे एक मेख आहे, आणि वहिनींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. हे औषध पेशींच्या थरात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही. साखरेच्या दाण्याएवढ्या गाठीपर्यंत ठीक, पण वाटाण्याएवढी गाठ मागे राहिली तर वरून कितीही गरम औषध फिरवा, गाभा सुरक्षित! म्हणजे आधी हाताने, डोळ्यांना दिसेल तो प्रत्येक कण काढायला हवा.

हाताच्या या कामाचा इतिहास वेगळा आहे. बोस्टनच्या जो मेग्ज यांनी १९३४ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये शक्य तेवढी गाठ काढावी असा आग्रह धरला. १९७५ मध्ये ग्रिफिथ्स यांनी आकड्यांनी दाखवलं की मागे उरलेली गाठ जितकी लहान, तितका रोगी जास्त जगतो. आणि वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर यांनी यावर कळस चढवला. पोटाचं अस्तर भागाभागाने कसं सोलून काढायचं याच्या सहा कृती त्यांनी १९९५ मध्ये छापल्या. कुठे पोटाच्या पडद्याखालचं, कुठे ओटीपोटातलं, कुठे प्लीहा आणि चरबीचा पदर. सकाळी सुरू केलेलं काम रात्री संपायचं. शेवटी पोटात नळ्या ठेवून ४१ ते ४३ अंशांचं औषध तास-दीड तास फिरवायचं. या गरम औषधालाच आज इंग्रजी अद्याक्षरांवरून हायपेक म्हणतात.

अमेरिकेतले रोगी या सगळ्या प्रकाराला "सगळ्या शस्त्रक्रियांची आई" म्हणतात. आपण आखातात राहणाऱ्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. १९९१ च्या युद्धात सद्दाम हुसेनने "उम्म अल-मआरिक" म्हणजे "सगळ्या लढायांची आई" असं म्हटलं, तिथून ती इंग्रजीत रुळली.

शुगरबेकर यांनी आणखी एक काम केलं, जे माझ्यासारख्या एक्सेलवाल्याला फार भावलं. १९९६ मध्ये त्यांनी आणि जाके यांनी पोटाचा हिशेब लिहिण्याची पद्धत दिली. पोटावर फुली-गोळ्याच्या खेळासारखे नऊ चौकोन, लहान आतड्याचे चार भाग, एकूण तेरा. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज जास्तीत जास्त ३९. जितके गुण जास्त तितका पसारा जास्त. या एका आकड्यामुळे पहिल्यांदाच जगभरचे सर्जन एकमेकांशी एका भाषेत बोलू लागले आणि कुणाचं ऑपरेशन करावं याच्याइतकंच कुणाचं करू नये हेही ठरवता येऊ लागलं.

मामाच्या आजारात याचं फळ काय मिळालं? २०१२ मध्ये जगातल्या सोळा केंद्रांचे २,२९८ रोगी एकत्र मोजले गेले. अशी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा वर्षांनंतर ६३ टक्के जिवंत होते. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ समुद्राकडे बघत बसलो.

त्याला आणखी एक कारण होतं. मामा आजारी होता तेव्हा मी इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला मास्टर्स करत होतो. मित्रांबरोबर लंडनला जायचं तर गाडी विंचेस्टर, मग बेसिंगस्टोक अशी जाते. ते स्टेशन मी किती वेळा खिडकीतून पाहिलं असेल, सांगता येणार नाही. त्या बेसिंगस्टोकच्या रुग्णालयात ब्रेंडन मोरन हे सर्जन १९९४ पासून याच आजारावर काम करत होते आणि ते जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक झालं. मी डबा उघडून सँडविच खात त्या गावावरून जात होतो आणि तिकडे सांगलीत मामा पट्ट्याला भोकं पाडत होता. कळलं असतं तरी पैसे, व्हिसा, प्रवास, सगळं जमलं असतं असं मी म्हणत नाही. पण रिपोर्टवरचे दोन शब्द मला कुणी फोनवर वाचून दाखवले असते तर निदान विचारायला गेलो असतो.

असो. आता वहिनींच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर, कारण इथे इतिहासाला वळण मिळतं.

२००३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फेरवाल आणि झुटमुल्डर यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १०५ रोग्यांची चाचणी छापली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीची केमोथेरपी, दुसऱ्याला त्याबरोबर मोठी शस्त्रक्रिया आणि गरम औषध. पहिल्या गटाचं मध्यमान आयुष्य १२.६ महिने, दुसऱ्याचं २२.३ महिने. जगभर उत्साह पसरला. उपचारामुळेच दगावलेल्यांचं प्रमाण ८ टक्के होतं, तरीही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एकाच रिलीजमध्ये दोन बदल करू नयेत, कारण मग दोष कशामुळे गेला ते कळत नाही. डच चाचणीत नेमके दोन बदल एकदम होते, शस्त्रक्रिया आणि उष्ण औषध. श्रेय कुणाचं? हे तपासायला फ्रेंच सर्जननी कंबर कसली. फ्रांस्वा केने यांच्या नेतृत्वाखाली २६५ रोग्यांची शस्त्रक्रिया करून गाठी काढल्या आणि मग निम्म्यांनाच ४३ अंशांचं ऑक्सॅलिप्लॅटिन अर्धा तास दिलं. निकाल २०१८ मध्ये जाहीर झाला आणि २०२१ मध्ये छापून आला. गरम औषध मिळालेले ४१.७ महिने, न मिळालेले ४१.२ महिने. फरक शून्यात जमा! उलट दोन महिन्यांच्या आत गंभीर त्रास झालेले औषधाच्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के.

विचार करा, ज्या लोकांनी अर्धं आयुष्य या उपचारात घातलं त्यांनीच हा प्रयोग केला आणि निकाल झाकून ठेवला नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आणि दुसरी बाजूही बघा. पूर्वी ज्यांचं पोट पाहून शिवून टाकत, असे नीट निवडलेले रोगी केवळ काळजीपूर्वक शस्त्रक्रिया आणि आधुनिक केमोच्या बळावर साडेतीन वर्षांच्या घरात गेले. नाव झालं उष्णतेचं, पण मोठ्या आतड्याच्या बाबतीत काम केलं ते हातांनी.

मग गरम औषध फुकटच का? नाही. कॅन्सर कुठला यावर ते ठरतं. वहिनींच्या आजारासाठी नेमकी एक डच चाचणी आहे. अंडाशयाचा तिसऱ्या टप्प्याचा कॅन्सर असलेल्या, आधी तीन केमो घेऊन मग शस्त्रक्रिया होणाऱ्या २४५ स्त्रिया. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या शेवटी ४० अंशांचं सिसप्लॅटिन दीड तास. २०१८ च्या निकालात ४५.७ महिने विरुद्ध ३३.९ महिने, आणि गंभीर त्रासात फारसा फरक नाही. २०२३ मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला, तेव्हाही फरक टिकून होता. कोरियातल्या दुसऱ्या चाचणीत सगळ्या स्त्रियांना मिळून फायदा दिसला नाही, केमोनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये दिसला. त्यामुळे डॉक्टरांमध्ये यावर अजून वाद आहेत आणि ते असू द्यावेत.

हे सगळं मी वहिनींना दोन संध्याकाळी बसून सांगितलं. "म्हणजे जळून वगैरे जात नाही तर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही वहिनी. आधी सगळं वेचून काढावं लागतं. औषध शेवटचा केर काढायला."

मग प्रश्न आला कुठे जायचं. रियाधला १९७५ पासून चालू असलेलं किंग फैसल स्पेशालिस्ट रुग्णालय आहे, तिथे हा उपचार होतो. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, जे २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, चर्नी रोडचं सैफी, पुण्यात जहांगीर, इथेही होतो. भारतातल्या सर्जननी २०१६ मध्ये हायपेकची राष्ट्रीय नोंदवहीही सुरू केली, म्हणजे आपल्या लोकांचे निकाल आपल्याला कळतील. वहिनींची आई आणि बहीण मुंबईत, म्हणून त्यांनी मुंबई निवडली. तीन केमो झाल्यावर शस्त्रक्रिया झाली, नऊ तास चालली. दादा बाहेर बाकावर बसून दर तासाला मला मेसेज करत होते आणि मी इथे मीटिंगमध्ये बसून फोन टेबलाखाली धरून वाचत होतो. दिसणारी प्रत्येक गाठ निघाली. गरम औषधही दिलं. नंतरचे तीन आठवडे फार जड गेले, जेवण जाईना, ताप आला. पण आता त्या परत आल्या आहेत, संध्याकाळी समुद्राकाठी हळूहळू चालतात. पुढचं कुणालाच ठाऊक नाही, त्यांनाही नाही. "दर तीन महिन्यांनी परीक्षा असते माझी," असं म्हणतात.

त्या दिवसांत आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एका वहीत लिहून काढले होते, ते इथे देतो. कुणावर वेळ येऊ नये, पण आलीच तर उपयोगी पडतील. पसाऱ्याचा आकडा ३९ पैकी किती आहे? दिसणारं सगळं काढता येईल असं तुम्हाला वाटतं का? नाही निघालं तर काय कराल? याच प्रकारच्या कॅन्सरसाठी गरम औषधाचा फायदा चाचणीत दिसला आहे का? आणि तुमच्या हाताखाली वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात, त्यांत किती जणांना गंभीर त्रास होतो? चांगला सर्जन या प्रश्नांना रागावत नाही, हा आमचा अनुभव. उपचार करायचा की नाही हे मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, माझ्यासारख्या संगणकवाल्याच्या लेखावरून नव्हे.

आणि एक विनंती. आपण सगळे परदेशात, आईवडील, काका-मामा गावाकडे. फोनवर "बरं आहे, काही काळजी करू नको" हेच ऐकायला मिळतं. पुढच्या वेळी रिपोर्टचा फोटो मागवा आणि त्यावर लिहिलेलं नाव स्वतः वाचा. मामींना मी बेसिंगस्टोकची गोष्ट सांगितली तेव्हा त्या थोडा वेळ फाईलवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू तेव्हा लहान होतास रे. आणि आम्हाला तरी कुठं माहीत होतं, विचारायचं असतं म्हणून?"

आपणा सर्वांना आणि गावाकडच्या आपल्या माणसांना उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.